तेलुगु वारपत्रिकांचे जुने अंक

मराठ्यांच्या इतिहासाचें साधन म्हणून अस्सल पत्र, यादी, करीना, शकावली यांस जो मान आपल्या मंडळींत मिळतो, तो छापील कागदास सहसा मिळत नाहीं. छापील म्हटलें कीं त्याच्या शेंकडों प्रती निघाल्या असतील, त्यांपैकीं एखादी कोठें तरी असणारच, असा आपला सोईस्कर समज असतो. हा समज ग्रंथांपुरता बराचसा खरा आहे. साप्ताहिकांच्या बाबतींत तो बहुतेक खोटा ठरतो. ग्रंथ विकत घेणारा तो ठेवण्याकरितां घेतो, साप्ताहिक घेणारा तें वाचून टाकण्याकरितां घेतो. दोनशें वर्षांपूर्वींचा मोडी कागद रुमालांत धडधाकट सांपडतो आणि साठ वर्षांपूर्वीं घरोघर गेलेल्या साप्ताहिकाचा एक सबंध अंक सांपडतां सांपडत नाहीं, हा अनुभव संग्राहकांस नवा नाहीं.

तेलुगु साप्ताहिकांची गोष्ट या दृष्टीनें विशेष लक्षांत घेण्याजोगी आहे. तिकडे साप्ताहिकास 'वारपत्रिका' म्हणतात. या जुन्या वारपत्रिकांवर तेलुगु वाचकांचा लोभ असाधारण आहे. ज्यांनीं त्या लहानपणीं वाचल्या त्यांचा तर आहेच, पण ज्यांचा जन्म त्या बंद पडूं लागल्यावर झाला त्यांचाही आहे. असा लोभ असला म्हणजे वस्तु सुरक्षित राहिली असेल असें कोणासही वाटेल. प्रत्यक्ष स्थिति निराळी आहे. ज्या लोभानें या वारपत्रिकांचा एक भाग जपला, त्याच लोभानें दुसरा भाग नाहींसा केला. आणि जो नाहींसा झाला तोच इतिहासाच्या अभ्यासकास अधिक उपयोगाचा होता. तो कसा, हें सांगणें हा या लेखाचा हेतु आहे. मराठी वाचकांपुढें हा विषय मांडण्यास आणखीही एक कारण आहे. तेलुगु भाषेंतील एका थोर वारपत्रिकेचा जन्म आंध्र देशांत झाला नाहीं, तो मुंबईंत झाला.

काशीनाथुनि नागेश्वरराव (१८६७–१९३८) हे कृष्णा जिल्ह्यांतील गृहस्थ. व्यापारानिमित्त मुंबईस राहून त्यांनीं १८९३ सालीं 'अमृतांजन' नांवाचें डोकेदुखीवरील मलम काढलें, आणि त्या पिवळ्या मलमाच्या लहानशा बाटलीनें त्यांस पुष्कळ द्रव्य मिळवून दिलें. १९०७ च्या सुरतेच्या काँग्रेसला ते गेले होते. ती सभा कशी मोडली हें मराठी वाचकांस सांगावयास नको. त्या अधिवेशनाहून परतल्यावर आपल्या भाषेंत एक पत्र असावें ही गोष्ट त्यांच्या मनानें घेतली व १९०८ च्या सप्टेंबरांत मुंबईहून 'आंध्रपत्रिका' हें साप्ताहिक निघूं लागलें.

या काळाकडे थोडें बारकाईनें पाहिलें पाहिजे. लोकमान्य टिळकांस सहा वर्षांची शिक्षा झाली ती त्याच मुंबईंत, त्याच वर्षाच्या जुलईच्या २२ तारखेस. त्याच वर्षीं बेझवाड्यास गाडिचर्ल हरिसर्वोत्तमराव यांच्या 'स्वराज्य' या तेलुगु साप्ताहिकावर, तिरुनेल्वेलीच्या गोळीबारासंबंधीं लिहिलेल्या लेखाबद्दल, राजद्रोहाचा खटला होऊन संपादक तुरुंगांत गेले. म्हणजे पत्र काढण्यास यापेक्षां अधिक वाईट वेळ शोधून सांपडली नसती. तरीही एक मलमविक्या व्यापारी मुंबईंत बसून तेलुगु पत्र सुरू करतो, तें स्वतःच्या खर्चानें चालवितो आणि सहा वर्षांत त्यास इतकें बळ आणतो कीं १९१४ च्या एप्रिलांत तें मद्रासेस नेऊन त्याचें दैनिक करतां यावें, ही साधी गोष्ट नव्हे. मद्रासेस गेल्यावर याच संस्थेनें १९२४ सालीं 'भारती' हें वाङ्मयीन मासिक काढलें व तिची सचित्र वारपत्रिकाही निराळी निघत असे. पण मूळ रोप लागलें तें गिरगांव-काळबादेवीच्या मुंबईंतील मराठी-गुजराती गजबजाटांत.

मुंबईंत तेलुगु वस्ती नवी नव्हती. इमारतींच्या कामावर तेलंगणांतून आलेल्या कामाठ्यांच्या नांवानें एक सबंध पुरा ओळखला जातो. विणकाम करणारे पद्मशाली मुंबईस, भिवंडीस व विशेषतः सोलापुरास स्थायिक झालेले आहेत. परंतु आंध्रपत्रिकेचा डोळा केवळ या वस्तीवर होता असें मानणें चुकीचें होईल. तिचा खरा वाचक टपालानें तिची वाट पाहणारा, गोदावरी-कृष्णेच्या कांठचा होता. एका भाषेचें पत्र दुसऱ्या भाषेच्या शहरांत छापावें आणि शेंकडों कोस दूर असलेल्या वाचकांकडे धाडावें, या व्यवस्थेचा परिणाम अंकांच्या आयुष्यावर झाल्यावांचून राहिला नसेल. टपालांतून आलेला अंक घडी पडलेला, वेष्टण फाडलेला, गांवांत दहा हातांतून फिरलेला असावयाचा. मुंबईच्या सहा वर्षांतील अंक म्हणूनच मद्रासच्या अंकांपेक्षां संग्राहकास अधिक मोलाचे वाटावेत.

येथें एका गृहस्थाचें नांव घेतल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. कोमर्राजु लक्ष्मणराव (१८७७–१९२३) यांचें शिक्षण नागपुरास झालें. मराठी त्यांस दुसऱ्या मातृभाषेसारखी येत असे व तींत त्यांनीं लेखनही केलें. त्यांनीं तेलुगुंत शिवाजीमहाराजांचें चरित्र लिहिलें, १९०६ सालीं हैदराबादेस 'विज्ञानचंद्रिका मंडळी' स्थापली आणि तेलुगु ज्ञानकोशाचें काम हातीं घेतलें. त्या मंडळीच्या स्थापनेंत वर सांगितलेले हरिसर्वोत्तमराव त्यांच्याबरोबर होते. तेलुगु पत्रकारांच्या त्या पहिल्या पिढीस मराठी पत्रें व मराठी संशोधन परकें नव्हतें, हें यावरून ध्यानांत यावें. उलट आपणांस तेलुगु पत्रांची किती ओळख होती, हा प्रश्न अवघड आहे.

आंध्रपत्रिकेहून वडील असलेली आणि कांहीं जाणत्यांच्या मतें तिच्याहूनही तेजस्वी अशी वारपत्रिका म्हणजे मछलीबंदरची 'कृष्णापत्रिका'. ती १९०२ सालीं निघाली. आरंभीं ती पंधरवड्यास एकदां निघे, मागाहून साप्ताहिक झाली. कोंडा वेंकटप्पय्या हे तिच्या संस्थापकांपैकीं होते. परंतु तिचा आत्मा म्हणावयाचे ते मुट्नूरि कृष्णाराव. १९०७ पासून १९४५ सालीं मृत्यु येईपर्यंत, म्हणजे जवळ जवळ अडतीस वर्षें, त्यांनीं ती संपादिली. एकाच माणसानें एकाच गांवांत बसून एवढा काळ एक साप्ताहिक चालवावें याला आपल्याकडेही तोलाचीं उदाहरणें थोडींच आहेत. संध्याकाळीं पत्रिकेच्या कचेरींत कवि, गायक, पंडित, राजकारणी अशी मंडळी जमत व वाद, विनोद, गायन चाले. या बैठकीस लोक 'कृष्णापत्रिकेचा दरबार' म्हणूं लागले. या दरबाराची कीर्ति आजही वृद्धांच्या तोंडीं आहे. गुरजाड अप्पाराव यांची देशभक्तीवरील कविता, जी पुढें आंध्रांत लहानथोरांच्या मुखीं झाली, ती १९१३ सालीं याच पत्रिकेंत प्रसिद्ध झाली.

या एका कवितेवरून माझा मुद्दा स्पष्ट करतां येईल. ही कविता आज शाळेच्या पुस्तकांत आहे, संग्रहांत आहे; तिचे शब्द कोणासही मिळूं शकतात. मग कृष्णापत्रिकेचा तो अंक मिळविण्याची खटपट कशासाठीं? अशासाठीं कीं संग्रहांत कविता एकटी असते. अंकांत ती एकटी नसते. तिच्या शेजारीं त्या आठवड्याचा अग्रलेख असतो, जिल्ह्याच्या बातम्या असतात, धान्याचे भाव असतात, औषधांच्या व ग्रंथांच्या जाहिराती असतात. कवीनें ज्या लोकांस उद्देशून लिहिलें ते लोक त्या आठवड्यांत काय खात होते, कशावरून भांडत होते, हें त्याच चार पानांत मिळतें. मुट्नूरींच्या निवडक लेखांची पुस्तकें निघालीं आहेत आणि तीं चांगलीं आहेत. तरी अग्रलेख हा तारखेच्या आधारावर उभा असतो. तो अंकांतून उचलला कीं कशास उद्देशून काय म्हटलें होतें तें टीपकारास शोधीत बसावें लागतें. आपल्या पत्रव्यवहारांत 'मिति' नसलेलें पत्र हातीं आलें म्हणजे संपादकाची जी दशा होते तीच ही.

कृष्णा-गोदावरीच्या कांठचा प्रकार हा असा. निजामाच्या राज्यांतील तेलुगु पत्रांची कथा याहून निराळी आहे, व तिच्यांत मराठी माणसानें खालीं मान घालावी असा एक प्रसंग आहे. त्या राज्यांत दरबाराची व शिक्षणाची भाषा उर्दू. तेलुगु ही बहुसंख्यांची भाषा असूनही तिला सभ्य सभेंत जागा नव्हती. १९२१ च्या नोव्हेंबरांत हैदराबादेस विवेकवर्धिनीच्या जागेंत निजाम राज्यांतील समाजसुधारणा परिषद भरली. अध्यक्ष होते धोंडो केशव कर्वे. परिषदेंत इंग्रजी, उर्दू, मराठी अशीं भाषणें चाललीं होतीं. आलंपल्लि वेंकटरामराव नांवाचे एक वकील तेलुगुंत बोलूं लागतांच श्रोत्यांनीं गलका करून त्यांस बसविलें. हे श्रोते मुख्यतः मराठी व कानडी होते असें तिकडील सर्व वृत्तांत एकमुखानें सांगतात, आणि त्याविषयीं शंका घेण्यास कारण दिसत नाहीं. जी सभा सुधारणेकरितां भरली होती तिच्यांत हा प्रकार घडला. अपमान झालेली तेलुगु मंडळी त्याच वेळीं सभेबाहेर एकत्र जमली व त्यांतून 'आंध्र जनसंघम्' निघाला.

यानंतर लगेच १९२२ सालीं तेलंगणांत दोन वारपत्रिका निघाल्या. नलगोंड्याहून 'नीलगिरी पत्रिका' निघाली, ती शबनवीस वेंकटरामनरसिंहराव यांनीं चालविली. या आडनांवांतील 'नवीस' हा शब्द फडणवीस, चिटणवीस म्हणणाऱ्या आपणांस थांबवील. जुन्या दफ्तरदारीचा शिक्का तेलंगणांतील घराण्यांवरही असाच उमटला आहे. दुसरी 'तेलुगु पत्रिका' ही वरंगळकडील इनुगुर्ति या खेड्यांतून ओद्दिराजु बंधूंनीं काढली. खेड्यांत छापखाना मांडून साप्ताहिक काढावयाचें, तेंही राज्यकर्त्यांस नको असलेल्या भाषेंत, यास केवढें धाडस लागलें असेल याची कल्पना करावी. दोन्ही पत्रिकांस दीर्घायुष्य लाभलें नाहीं. तिसरी पत्रिका मात्र टिकली. १९२६ च्या मे महिन्यांत हैदराबादेहून सुरवरम् प्रतापरेड्डी यांच्या संपादकत्वाखालीं 'गोलकोंडा पत्रिका' निघाली. ती आठवड्यांतून दोनदां निघे, म्हणून काटेकोर अर्थानें तिला वारपत्रिका म्हणतां येणार नाहीं, परंतु तिला वगळून ही कथा सांगतां येत नाहीं. तेलंगणांत कवि नाहींत असें कोणीसें लिहिलें. रेड्डींनीं वाद घालीत न बसतां गांवोगांवच्या कवींच्या रचना मागविल्या आणि १९३४ सालीं ३५४ कवींचा 'गोलकोंडा कवुल संचिका' हा खंड छापून हातांत दिला. एखाद्या प्रांताची अब्रू राखण्यासाठीं नियतकालिकानें केलेलें असें काम दुसरें मला माहीत नाहीं. यांतील पुष्कळ कवींची अन्य रचना कोठें छापलेली मिळत नाहीं. तो खंड हेंच त्यांचें दप्तर.

वरंगळचीच आणखी एक वारपत्रिका 'काकतीय पत्रिका'. १९४० नंतरच्या दशकांत ती चालविणाऱ्यांत पामुलपर्ति वेंकट नरसिंहराव होते. पुढें ते भारताचे पंतप्रधान झाले. ते व त्यांचे आप्त सदाशिवराव 'जय-विजय' या जोडनांवानें तींत लिहीत. नरसिंहरावांचें शिक्षण कांहींसें पुण्यास व नागपुरास झालेलें, मराठी त्यांस उत्तम येई. हरि नारायण आपट्यांच्या 'पण लक्षांत कोण घेतो' या कादंबरीचें तेलुगु भाषांतर 'अबलाजीवितमु' या नांवानें त्यांनीं केलें. ती मूळ कादंबरी हरिभाऊंच्या 'करमणूक' या साप्ताहिकांतूनच क्रमाक्रमानें आली होती. म्हणजे एका मराठी साप्ताहिकांत जन्मलेली यमू एका तेलुगु वारपत्रिकेच्या संपादकाच्या हातून आंध्रांत गेली. करमणुकीचे सबंध अंक आज आपणांपैकीं किती जणांच्या संग्रहीं आहेत, हें ज्यानें त्यानें मनाशीं तपासावें.

आतां संग्राहकाच्या कामाची एक लहानशी गोष्ट सांगतों. तेलुगु जुना अंक हातीं आला, मुखपृष्ठ गेलेलें आहे, इसवी सनाची तारीख फाटली आहे, अशा वेळीं मराठी संशोधकानें बिचकण्याचें कारण नाहीं. तेलुगु पंचांग व आपलें पंचांग हीं सख्खीं भावंडें आहेत. दोन्हींकडे महिने अमान्त, शालिवाहन शक तोच, वर्ष चैत्र शुद्ध प्रतिपदेस बदलतें (तिकडे त्या दिवसास 'उगादि' म्हणतात), आणि साठ संवत्सरांचें चक्रही तेंच. उत्तरेकडील संवत्सरांशीं जसा मेळ बसवीत बसावें लागतें तसें येथें लागत नाहीं. आंध्रपत्रिकेचे उगादीचे जाडजूड वार्षिक अंक संवत्सराच्या नांवानें ओळखले जातात. तेव्हां 'साधारण' दिसलें कीं शके १८३२ म्हणजे १९१०, 'आनंद' दिसलें कीं शके १८३६ म्हणजे १९१४, हें कोणताही पंचांगवाला क्षणांत सांगेल. पत्रिका दैनिक झाली ती या आनंदनाम संवत्सराच्या पहिल्याच आठवड्यांत, यांत नागेश्वररावांनीं मुहूर्त पाहिला असावा असें वाटतें. एवढेंच लक्षांत ठेवावें कीं साठ वर्षांनीं तेंच नांव पुन्हां येतें. १९७० चें वर्षही 'साधारण'च. पण त्या दोन काळांतील कागद, खिळे व भाषा यांत इतकें अंतर आहे कीं घोंटाळा होण्याचा संभव नाहीं.

भाषेचा उल्लेख आलाच आहे तर तेंही सांगून टाकतों. विसाव्या शतकाच्या पहिल्या चाळीस वर्षांत तेलुगु लेखनांत ग्रांथिक भाषा वापरावी कीं बोलण्यांतील व्यावहारिक, यावरून मोठा वाद माजला होता. गिडुगु राममूर्ति (१८६३–१९४०) यांनीं त्यांत जन्म वेंचला. या वादाचा निकाल कोणत्याही सभेंत लागला नाहीं. तो पत्रांच्या रकान्यांत, आठवड्यामागून आठवडा, लेखकांच्या लेखणीनें लागत गेला. क्रियापदांचीं रूपें कोणत्या वर्षीं बदललीं, अग्रलेख ग्रांथिक राहून गोष्ट व्यावहारिक कधीं झाली, हें ज्यास पाहावयाचें त्यानें पुस्तकांच्या नव्या आवृत्त्यांवर विश्वासून चालणार नाहीं. आवृत्तिकार शुद्धलेखन सुधारतो. अंक सुधारीत नाहीं.

येथपर्यंतच्या पत्रिका राजकारणाच्या व वाङ्मयाच्या. सामान्य घरांतील लोकांचा, विशेषतः बायकांचा, जीव जडला तो पुढच्या काळांतील सचित्र वारपत्रिकांवर. १९३८ सालीं मद्रासेस 'आंध्रप्रभा' दैनिक निघालें, व १९५२ पासून तिची सचित्र वारपत्रिका सुरू झाली. आंध्रपत्रिकेची सचित्र वारपत्रिका होतीच. १९६० नंतरच्या दशकांत 'आंध्रज्योति' आली. यांच्यांतून मालती चंदूर यांचें 'प्रमदावनम्' हें सदर आंध्रप्रभेंत कित्येक वर्षें चाललें. बायका पत्रें लिहून प्रश्न विचारीत – नवऱ्याविषयीं, सासूविषयीं, शिक्षणाविषयीं, स्वयंपाकाविषयीं – आणि त्या उत्तरें देत. तेलुगु मध्यमवर्गीय स्त्रीचा या काळांतील इतिहास कोणी लिहूं म्हणेल तर त्यास याहून चांगलें साधन सांपडणें कठीण. मुळ्ळपूडि वेंकटरमण यांचा 'बुडुगु' हा वात्रट मुलगा आंध्रपत्रिकेच्या वारपत्रिकेंतून बोलूं लागला व 'बापू' या नांवानें चित्रें काढणाऱ्या सत्तिराजु लक्ष्मीनारायण यांनीं त्यास चेहरा दिला. बापूंच्या हाताच्या अक्षरांचें वळण पुढें लोकांस इतकें आवडलें कीं त्यावरून छपाईचें अक्षर तयार झालें. मुप्पाळ रंगनायकम्मा यांची 'बलिपीठम्' आंध्रप्रभेंत आणि यंडमूरि वीरेंद्रनाथ यांची 'तुलसीदळम्' १९८० च्या सुमारास 'आंध्रभूमि' साप्ताहिकांत क्रमशः आली, तेव्हां अंक येण्याच्या दिवशीं घरांत पहिल्यानें तो कोणीं वाचावा यावरून भांडणें होत. हें तेलुगु मित्र हंसत हंसत सांगतात व त्यांतील प्रत्येकास आपलेंच घर तसें होतें असें वाटतें.

आणि येथेंच ती मोडतोड सुरू झाली. कादंबरी क्रमशः येतांना घरांतील गृहिणी दर आठवड्यास अंकाच्या टांचण्या उकलून तेवढीं पानें काढून ठेवी. कादंबरी संपली म्हणजे तीं जुळवून जाड दोऱ्यानें शिवावयाचीं, नाहींतर बांधणावळ्याकडे द्यावयाचीं, वर खाकी कागद घालावयाचा आणि त्यावर शाईनें कादंबरीचें नांव लिहावयाचें. तें बाड शेजारीपाजारीं वाचावयास जाई, मुलीबरोबर सासरीं जाई. उरलेला अंक रद्दींत. अशीं शिवलेलीं बाडें आंध्रांत व तेलंगणांत जुन्या घरांतून अजून निघतात. जुन्या पुस्तकांच्या बाजारांतही दिसतात. सबंध अंकांची रांग मात्र क्वचित् मिळते. एखादी कादंबरी बावन्न आठवडे चालली असेल तर तिच्या एका बाडामागें बावन्न अंक फुटले असा हिशेब आहे.

म्हणून हीं बाडें कमी प्रतीचीं मानून बाजूस टाकावीं काय? माझें मत उलट आहे. पुस्तक म्हणून छापलेल्या कादंबरींत जें नसतें तें या बाडांत असतें. प्रत्येक हप्त्याच्या शेवटीं 'सशेषम्' हा शब्द छापलेला असतो. आपल्याकडे 'अपूर्ण' किंवा 'क्रमशः' छापीत, त्याच अर्थाचा हा संस्कृत शब्द तेलुगुनें उचलला आहे. लेखकानें वाचकास कोणत्या वाक्यावर टांगून ठेवलें हें त्यावरून कळतें. पुस्तकांत प्रकरणें पुन्हां जुळवलीं कीं तें कळत नाहीं. बापूंचीं किंवा अन्य चित्रकारांचीं चित्रें पुस्तकांत बहुधा गळतात, बाडांत राहतात. पृष्ठांक सलग नसतात: तेवीस ते सव्वीस, मग पुढच्या आठवड्याचे एकतीस ते चौतीस. या उड्यांवरून अंकांत कादंबरीची जागा कोठें होती, ती पुढें सरकली कीं मागें गेली, म्हणजे संपादकाच्या दृष्टीनें तिची किंमत वाढली कीं उतरली, हें ताडतां येतें. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे पानाची पाठ. हप्ता जेथें संपला त्या पानाच्या मागें दुसऱ्या लेखाची शेंपटी, अर्धी जाहिरात, एखादें वाचकाचें पत्र, सिनेमाची परीक्षा राहून गेलेली असते. जुन्या पोथ्यांच्या पुठ्ठ्यांतून ज्याप्रमाणें कोरड्या हिशेबाचे कागद निघतात व त्यांवरून कधीं कधीं पोथीपेक्षां अधिक बोध होतो, तसाच हा प्रकार. त्या गृहिणीनें ज्यास रद्दी म्हटलें त्याचे तुकडे तिनें नकळत जपून ठेवले आहेत. एकाच वर्षांतील दोन-तीन निरनिराळ्या कादंबऱ्यांचीं बाडें जवळ जवळ ठेवलीं तर त्यांच्या पाठींवरून एखाद्या अंकाचा बराचसा सांगाडा उभा करतां येतो. हें काम किचकट आहे, पण आपल्या मंडळींस जीर्ण पत्रांचे तुकडे जुळवण्याची संवय आहे.

अशीं बाडें हातीं आल्यास तीं उसवून 'व्यवस्थित' बांधूं नयेत. शिवण, खाकी वेष्टण, त्यावरील नांव, क्वचित् 'अमक्यांस वाचावयास दिलें' अशी नोंद, हा सर्व त्या वस्तूचा इतिहास आहे. वृत्तपत्री कागद लाकडाच्या लगद्याचा असतो. तो आपल्या अंगच्या आम्लानेंच पिवळा पडून तुटूं लागतो, आणि जुन्नर किंवा दौलताबादेच्या हातकागदासारखा त्याचा भरंवसा नाहीं. गंजलेल्या टांचण्या तेवढ्या हलक्या हातानें काढाव्या. चिकटपट्टी लावणें हा तर गुन्हाच समजावा. ती दहा वर्षांत कागदास खाऊन टाकते. जें काय वाचावयाचें, नकलून किंवा छायाचित्र घेऊन ठेवावयाचें, तें लवकर करावें. आंध्र प्रदेशच्या प्रेस अकादमीनें जुन्या तेलुगु पत्रांच्या पुष्कळ संचिकांच्या प्रतिमा संगणकावर घेवविल्या, त्यामुळें आंध्रपत्रिका, कृष्णापत्रिका, गोलकोंडा पत्रिका यांचे अनेक अंक आतां वाचावयास मिळतात. हें काम झालें नसतें तर या लेखासारखे लेख लिहिणेंही दुर्घट झालें असतें. मूळ कागद पाहावयाचा असेल त्यानें वेटपालेम् येथील 'सारस्वत निकेतनम्' या ग्रंथालयाची वाट धरावी. १९१८ सालीं विणकरांच्या या लहान गांवांत तें स्थापन झालें, १९२९ सालीं गांधीजींच्या हातून त्याच्या इमारतीचा पाया घातला गेला, आणि जुन्या पत्रांच्या संचिका जपण्याबद्दल त्याची ख्याति आहे. एवढ्याशा गांवानें हें केलें, हें पाहून मोठ्या शहरांतील ग्रंथालयांची आठवण होते व फार बरें वाटत नाहीं.

दूरदर्शन घरोघर गेल्यावर या वारपत्रिकांचा जोर ओसरला. आंध्रपत्रिका व भारती १९९१ सालीं बंद पडल्या; इतर कांहीं मागाहून गेल्या. ज्या पिढीनें तीं बाडें शिवलीं ती आतां ऐंशीच्या पुढें आहे, व घरें रिकामीं होतांना पहिल्यानें बाहेर पडतो तो कागद.

राहतां राहिला मुंबईच्या सहा वर्षांचा प्रश्न. १९०८ ते १९१४ या काळांतील आंध्रपत्रिकेचे अंक आंध्रांत शोधणारे पुष्कळ आहेत. मुंबई, भिवंडी व सोलापूर येथें शोधणारे कमी. कामाठी व पद्मशाली समाजाच्या जुन्या घरांत, त्यांच्या मंदिरांच्या व शाळांच्या कपाटांत, कोणत्याही तेलुगु छापील बाडाकडे मराठी संग्राहकानें लिपि येत नाहीं म्हणून पाठ फिरवूं नये. अंक ओळखण्यास तेलुगु यावयासच पाहिजे असेंही नाहीं. १८६७ च्या पंचविसाव्या कायद्यानें प्रत्येक पत्रावर मुद्रकाचें व प्रकाशकाचें नांव आणि छापण्याचें ठिकाण देणें बंधनकारक केलें होतें. ही ओळ बहुधा शेवटच्या पानाच्या तळाशीं, बारीक टायपांत असते. मुखपृष्ठ गेलेलें असलें, नांवाचा मथळा फाटलेला असला तरी ती ओळ पुष्कळदां शाबूत राहते. जुनें तेलुगु साप्ताहिक हातीं आल्यास आधीं तें पान उलटावें व त्या ओळींतील गांवाचें नांव कोणा तेलुगु जाणणाऱ्याकडून वाचवून घ्यावें.